सातबाऱ्यावर आमचं नाव हक्काने लागू द्या : राज्यपालांना सूर्यमाळहून खुलं पत्र

मा. राज्यपाल,
महाराष्ट्र राज्य



मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळहून हे पत्र लिहिते आहे. पावसाळ्यात इथली थंड हवा खायला मुंबई-नाशिकची माणसं येतात, उतारावरच्या नागलीचे फोटो काढतात. त्या फोटोत वाकलेल्या बाया असतात. उन्हाळ्यात राबासाठी पाला, शेण, काटक्या डोक्यावरून वाहून आणायच्या, राब भाजायचा, आषाढाच्या झडीत पाठीवर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन आवणी करायची, मग बेणणी, कापणी, झोडणी. नांगर तेवढा पुरुषाच्या हातात. आमच्याकडे धान्य म्हणजे कणसरी माता, आणि वारल्यांचं लग्न धवलेरीशिवाय लागत नाही, म्हणजे पुरोहिताचा मान बाईला. पण त्याच शेताचा सातबारा काढला, तर त्यावर बहुतेक वेळा नावं सासऱ्याची, नवऱ्याची, दिराची. राबणाऱ्या बाईचं नाव शोधावं लागतं.

काहीच बदललं नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि आमच्या भागात सरपंच बाई असणं आता कुणाला नवल वाटत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचं नाव लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर मोठंच काम केलं : कलम ४(४) सांगतं की लग्न झालेल्या दावेदाराचा वनहक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावा. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपलेलं वनहक्कपत्र एखादी आजी बाहेर काढते आणि अक्षर येत नसलं तरी आपलं नाव कुठल्या ओळीत आहे तिथे बरोबर बोट ठेवते. त्या बोटाकडे मी फार वेळा पाहिलं आहे.

म्हणूनच मालकीच्या जमिनीचं दुखणं जास्त लागतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २(२) नुसार केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला मुलाइतका वाटा दिला, तो याच कायद्यात दुरुस्ती करून. वाड्या-भिवंडीतल्या कुणबी, आगरी मुलीला तो मिळाला. आमच्या ठाकूर, वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी मुलीला त्या कायद्याने नाही. आमच्यासाठी राहिली ती रूढी. तलाठ्याकडे वारस नोंद करताना विधवेचं आणि मुलींचं नाव कधी लागतं, कधी गळतं. भाऊबंदांनी हरकत घेतली की गाडं अडलं. पुढे कोर्ट, आणि कोर्टात जायला जव्हारच्या एसटीचं भाडंही जवळ नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना तिच्या वडिलांच्या जमिनीत समान वाटा दिला. तिथे खालच्या न्यायालयांनी बायकांना वाटा देणारी रूढी तुम्हीच दाखवा, असं त्या कुटुंबाला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटं केलं : वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर समानता मानायची. आम्हाला वाटलं, उजाडलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू करता येणार नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील. पण प्रत्येक बाईने आपला वाटा एकेका दाव्याने मिळवायचा का?

नाव नसल्याने काय जातं, तेही सांगते. पीककर्ज सातबाऱ्यावर. पीएम किसानचे पैसे सातबाऱ्यावर. आदिवासी विकास महामंडळाला भात घालायचं तर सातबारा. अवकाळीची भरपाई सातबाऱ्यावर. आता शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही सातबाऱ्यावरच्या नावाला. नवरा दारूत गेला, दुसरीकडे गेला, नाहीतर वारला, तर शेत कसणारी बाई सरकारच्या वहीत शेतकरीच नसते. मग उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं. तिथे जोडीने राबायचं आणि हिशेब पुरुषाच्या नावे.

१९९२ पासून राज्यात लक्ष्मी मुक्तीची सोय आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ती चळवळ उभी केली. नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. चांगलीच गोष्ट. पण अर्ज नवऱ्याने द्यायचा. त्याची मर्जी असली तर नाव, नसली तर नाही. मर्जीला मी हक्क म्हणणार नाही.

आमच्यातलेच काही जाणते म्हणतात, मुलीला वाटा दिला तर जमीन जमातीबाहेर जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. सावकारांनी आमची जमीन कशी गिळली हे या डोंगराने पाहिलं आहे. पण आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ आहेतच. मुलाला वाटा मिळाल्यावर जी राखण लागते, तीच मुलीच्या वाट्यालाही लावा. हिंदू कायदा आमच्यावर लादा, असंही मी मागत नाही. आमचे देव, लग्नं, पंच आमचेच राहू द्या. वाटा तेवढा सारखा करा.

हे आपल्याच हातात आहे म्हणून आपल्याला लिहिते. मोखाडा आणि जव्हार हे पूर्ण तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. त्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ ने राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा फेरफार करून लागू करण्याचा आणि विनियम करण्याचा अधिकार दिला आहे. याच अधिकारात सप्टेंबर २०२० मध्ये वनहक्क कायद्यात फेरफार झाला आणि वननिवासी कुटुंबांना जवळच्या वनजमिनीवर घर बांधायची वाट मोकळी झाली. घरासाठी जे झालं ते शेतासाठी करा. जनजाती सल्लागार परिषदेचा सल्ला घ्या, आणि अनुसूचित क्षेत्रात विधवेला व मुलीला मुलाइतका वाटा देणारा विनियम करून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवा. राष्ट्रपतिपदावर २०२२ पासून एक संथाळ बाई आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जिथे वनहक्कपत्रांवर बायकोचं नाव सुटलं आहे, ती पत्रं तपासून दुरुस्त करायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगा.

आणि मसुदा झाला की तो आधी महिला ग्रामसभांपुढे ठेवा, मराठीत, मोठ्याने वाचून. मात्र दिवाळीच्या आत. दिवाळी झाली की आमचे पाडे भट्ट्यांवर निघतात, आणि मग ज्यांच्यासाठी मसुदा केला त्या बाया ऐकायला गावात नसतील.

आपली,
सूर्यमाळची एक रहिवासी
ता. मोखाडा, जि. पालघर