शाहिराची उमेदवारी

कागद, फासे आणि कल्पना एवढ्यावर चालणारा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ १९७४ साली निघाला. त्याच्या १९७८च्या नियमपुस्तकात, अगदी परिशिष्टात, ‘बार्ड’ नावाचे पात्र आहे. आपण त्याला शाहीर म्हणू. हा शाहीर एकदम होताच येत नसे! आधी योद्धा व्हायचे, निदान पाचव्या पायरीपर्यंत. मग चोर, तिथेही निदान तेवढेच चढायचे. शेवटी ‘ड्रुइड’ नावाच्या अरण्यातल्या पुरोहितांचे शिष्यत्व पत्करायचे. तेव्हा कुठे कंठ फुटणार!

‘तोवर पात्र जगते कुठे?’ ही तक्रार काही खोटी नव्हे. १९८९च्या आवृत्तीत शाहीर पहिल्याच पायरीवर मिळू लागला. सगळ्यांची सोय झाली.

मी मात्र जुन्या नियमाच्या बाजूचा. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पहिली कादंबरी लिहिण्याआधी आयुष्याचा पुष्कळ मार खाल्ला, थोरांच्या पुस्तकांत पुष्कळ चोऱ्या केल्या. आता पालक विचारतात, ‘गुरुजी, आमच्या बाळ्याचे पुस्तक कधी छापू या?’ बाळ्या सातवीत आहे! त्यांना मी हेच परिशिष्ट ऐकवतो : त्याला आधी लढू द्या, मग चोरू द्या, मग कुणाच्या तरी पायाशी बसू द्या. गाणे मागाहून येईल. नाही आले, तरी लढता तर येईल!