रस्ता सरकारचा, जमीन कोणाची?

हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली एका निरक्षर महिलेची सव्वातीन हेक्टरांहून थोडी अधिक जमीन सरकारने रस्त्यासाठी ताब्यात घेतली. ना नोटीस, ना भूसंपादनाची कार्यवाही, ना मोबदला. २०१० मध्ये ती उच्च न्यायालयात गेली, तेव्हा राज्य सरकारचा बचाव असा की, बेचाळीस वर्षे ताबा आमचाच, म्हणून जमीनही आमचीच! उच्च न्यायालयाने तिला दिवाणी दाव्याची वाट दाखवली. अखेर ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळून मोबदल्याचा आदेश दिला. कल्याणकारी राज्याने अतिक्रमण करणाऱ्याचा युक्तिवाद करू नये, एवढे ठरायला अर्धशतक लोटले.

लक्षात घेण्याजोगी बाब ही की, १९६७ मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूतच होता. तो पुन्हा मूलभूत करावा, अशी मागणी राजधानीत अधूनमधून डोके वर काढते. तिने हे प्रकरण आधी नजरेखालून घालावे.

पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा रद्द ठरवला. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम ३१ क, ३१ ख आणि नववे परिशिष्ट आले. त्यातील पहिल्या तेरा कायद्यांत मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदाही होता. ते संरक्षण गरजेचेच होते. त्यावाचून कुळांच्या सातबाऱ्याची लढाई कोर्टातच अडकली असती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे तसे म्हणता येत नाही. तिने हा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३०० क मध्ये ठेवला, तोवर जमीनदारी इतिहासजमा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाचा थेट दरवाजा बंद झाला तो सर्वांनाच. मात्र पदरी वकील नसलेल्या अल्पभूधारकाला त्याची झळ अधिक.

तरीही त्याच्या हाती काही उरले आहे. स्वतः कसत असलेली, कमाल धारणेच्या मर्यादेतील जमीन बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेता येत नाही, हे कलम ३१ क मधील १९६४ चे परंतुक आजही कायम आहे. शिवाय १६ मे २०२४ रोजी कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०० क मधून शासनाची सात कर्तव्ये काढून दाखवली : नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, वेळेत कार्यवाही आणि तिची रीतसर पूर्तता. हमीरपुरात पहिलेच कर्तव्य पाळले गेले नव्हते. नोटिशीची तरतूद तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यातही होती.