चाळिशीची तपासणी आणि चौदाव्या वर्षाचा रोग

हृदयविकार हा चाळिशीनंतरचा पाहुणा होय, हा समज आम्हां नोकरदारांच्या घरांत इतका मुरला आहे की सरकारनेही तो मान्य केलेला दिसतो. चाळीस वर्षांवरील वरिष्ठ अधिकाऱ्यांस वार्षिक वैद्यकीय तपासणीची सोय आहे. सोय चांगली आहे. ती कारकुनांसही मिळावी असे आम्ही म्हणू, पण तो विषय निराळा. ज्या रोगाचा पाया चौदाव्या वर्षी घातला जातो, त्याची चौकशी चाळिसाव्या वर्षी आरंभणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

हा नुसता तर्क नव्हे. कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय बावीस होते, आणि शंभरांत सत्त्याहत्तरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा होत्या. पुढे लुइझियाना राज्यातील बोगलुसा गावी डॉ. जेरल्ड बेरेन्सन यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. त्यांतील जी अपघातादी कारणांनी अकाली गेली, त्यांच्याही रक्तवाहिन्यांत चरबीचे पट्टे सापडले. वजन, रक्तदाब, रक्तातील मेद यांपैकी जितक्या गोष्टी बिघडलेल्या, तितके ते पट्टे विस्तृत होते.

यावर आमचे स्नेही म्हणतात, "अहो, आमचा बाळू तर नुसती काडी आहे!" या काडीपणाच्या भरवशावरच आमचा मुख्य आक्षेप आहे. अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात बारा ते एकोणीस वर्षांच्या मुलांतील लठ्ठपणाचे प्रमाण फारसे हलले नाही, रक्तदाबाचेही नाही; परंतु मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था शंभरांत नवांवरून तेविसांवर गेली. ज्यांचे वजन यथायोग्य होते, त्यांतही शंभरांत सदतीस जणांत हृदयविकारास आमंत्रण देणारे एक तरी कारण आढळले. आपल्या देशात २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाची जवळजवळ चतुर्थांश मुले कृश निघाली, अतिवजनाची अवघी पाच टक्के. आणि तरीही सुमारे दहा टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी होती. या कोड्याचा एक धागा पुण्यात सापडतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालक इंग्रज बालकाहून वजनाने पुष्कळ कमी भरले, पण उणीव मुख्यतः स्नायूंची होती, चरबीची तितकी नव्हे. तेव्हा बाळूची काडी आतून कशी आहे, हे काटा सांगणार नाही.

पूर्वी मुलाच्या हृदयाचा रोग म्हटला की घसा सुजणे, सांधे धरणे आणि झडप बिघडणे, हाच क्रम डोळ्यांपुढे येई. तो रोग अद्याप गेलेला नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आरंभीच्या यादीत त्यास स्थान मिळाले ते योग्यच झाले. रक्तदाबास मात्र त्या यादीत जागा नव्हती. रोग पुढे गेला, यादी मागे राहिली. नस्त्यांत वावरणाऱ्या आम्हांस यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता "हल्लीची मुलेच आळशी" हे पालुपद. मुलांनी आपला दिवस स्वतः आखला काय? जागतिक आरोग्य संघटना या वयास रोज साठ मिनिटांचा अंगमेहनतीचा खेळ सांगते, आणि तिच्याच २०१६ च्या हिशेबाप्रमाणे जगातील शंभरांत एक्क्याऐंशी मुलांस तो लाभत नाही. खेळाचा तास गणितास कोणी दिला? शिकवणीच्या वर्गात रात्री आठपर्यंत कोणी बसविले? वसाहतीच्या मैदानात मोटारी उभ्या करण्याच्या ठरावावर सह्या कोणाच्या? आमच्याच ना! शाळेत व तिच्यापासून पन्नास मीटरपर्यंत अति साखर, मीठ व चरबीचे खाद्य विकू नये असा नियम २०२० साली झाला. साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावा असे केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०२५ साली शाळांस कळविले. मुलगा भिंतीवरचा फलक वाचतो, आणि घरी येऊन तीच बाटली आमच्याच शीतकपाटातून काढतो.

परप्रांती आलेल्या आम्हां मंडळींस आणखी एक खोड आहे. गणेशोत्सवात आमची महाराष्ट्र मंडळे दहावी-बारावीच्या गुणवंतांस व्यासपीठावर बोलावून शाल, प्रमाणपत्र आणि पेढ्यांचा पुडा देतात. ते अवश्य द्यावे. परंतु त्याच मंडपाच्या एका कोपऱ्यात एक डॉक्टर, एक वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवण्यास किती खर्च येतो? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ तिसऱ्या वर्षापासून दरसाल मुलाचा रक्तदाब मोजावा असे सांगतात. आम्ही निदान बारा ते अठरा वर्षांच्या मुलांचा मोजू. आमची मंडळांस सूचना आहे की येत्या उत्सवाच्या अंदाजपत्रकात एवढी बाब घालावी. आणि पालकसभेस जाणाऱ्यांनी गुणपत्रिका मागण्यापूर्वी, या आठवड्यात खेळाचे तास किती झाले, हे वर्गशिक्षकांस विचारावे.