उरलेल्या भागांची गाडी
(तृतीय वर्ष, कला)

आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून एक वाद धुमसतो आहे. घरात त्याचा निकाल लागत नाही, म्हणून तो वार्षिक अंकाच्या दरबारात आणतो आहे. माझे थोरले काका १९७८ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले आणि निवृत्तीनंतर काकूंसह सांगलीला परतले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. माळा आवरताना त्यांची तीन खोकी निघाली. दोन खोक्यांत मोटारींच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींचे सुटे भाग होते. चाके, इंजिने, बंपर, आणि त्यांतच अर्धवट चिकटवलेली एक गाडी. तिसऱ्या खोक्यात एक कोरे किट, वरचा सेलोफेनचा कागदही न फाडलेले. तिकडचा माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, ते फोडू नकोस. असल्या बंद खोक्यांना संग्राहक चांगले पैसे देतात. आणि ती अर्धवट गाडी आहे तशी ठेव, बाबांची आठवण आहे ती."

मी ती गाडी मोडून पुन्हा बांधली. हा अपराध मला मान्य आहे. पण तो अपराध का नाही, हे सांगण्यासाठीच लेखणी उचलली आहे.

काकांची गाडी होती १९३२ च्या फोर्डची, बंद टपाची, आणि तिची व्हायची होती हॉट रॉड. हॉट रॉड म्हणजे काय हे आधी सांगायला हवे, कारण आमच्या एका मित्राला ते खाद्यपदार्थाचे नाव वाटले. १९३२ साली फोर्डने सर्वसामान्यांना परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे, पासष्ट अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवले. काही वर्षांत ह्या गाड्या जुन्या झाल्या आणि कवडीमोलाने भंगारात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या उचलल्या. मडगार्ड काढून टाकले, वजन घटवले, इंजिनावर दुसरीकडचे कार्बोरेटर चढवले आणि म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर त्या पळवल्या. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन शर्यतींची रीतसर संघटनाही केली. महायुद्ध संपल्यावर लष्करातून परतलेले तरुण ह्यात आले, आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले. सांगायचा मुद्दा असा की, हॉट रॉड कारखान्यात जन्मली नाही. ती दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या मालातून परसदारी जन्मली.

आता प्रतिकृतींकडे वळू. मिशिगनमधल्याच एएमटी कंपनीने १९५८ साली मोटारींची अशी किटे काढली की एकाच खोक्यातून तीन तऱ्हांची गाडी करता यावी: कारखान्यातून निघाली तशी, सजवलेली किंवा शर्यतीची. प्रमाण एकास पंचवीस. ह्या एका व्यापारी युक्तीचा परिणाम मात्र मजेशीर झाला. गाडी करायची एक, आणि भाग मिळायचे तिघींचे! करणाऱ्याजवळ दर वेळी दोन तऱ्हांचे भाग उरत. दहा गाड्या झाल्या की उरलेल्या चाकांचे, इंजिनांचे, आसनांचे एक खोके साठे, आणि मग त्या खोक्यातून अशी गाडी करावीशी वाटे की जी कुठल्याच किटच्या झाकणावर छापलेली नाही. काकांची दोन खोकी म्हणजे नेमकी ही शिल्लक. ती जपून ठेवण्यासाठी नव्हती, वापरण्यासाठी साठवलेली होती. 'आठवण आहे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मोडण्याचे काम वाटते तितके राक्षसी नसते. गाडी एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवली (आईने बर्फाचे ट्रे बाहेर काढावे लागले म्हणून दोन दिवस अबोला धरला). थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो आणि सांधे कट्‌कन सुटतात. सगळे सुटले नाहीत. काही बारीक दातांच्या करवतीने सोडवावे लागले. रंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून उतरवला. बंपरांवरचा झिजलेला क्रोम कपड्यांच्या ब्लीचमध्ये तासाभरात निघून गेला. चाकांचे मात्र वाईट झाले होते. त्या काळचे मऊ टायर वर्षानुवर्षे चाकांना टेकून राहिले, की त्यांतले द्रव्य कठीण प्लॅस्टिकमध्ये उतरते आणि ते वितळवते. चारांतली तीन चाके टायरांनी खाल्ली होती. नुसते जपून ठेवल्याचे फळ हे असे असते, हे मी चुलतभावाला फोटो काढून पाठवले. उत्तर आले नाही.

खरी कसोटी टपाची. हॉट रॉडवाले टप कापून बुटका करतात. खऱ्या गाडीत तीन इंच कापले, तर आमच्या मापात ते तीन मिलिमीटर होतात. तीन मिलिमीटर म्हणजे काय, असे वाटेल! पण टपाचे खांब वर आत झुकलेले असतात. मधली पट्टी काढून टप खाली बसवला की वरचे खांब खालच्या खांबांच्या आत पडतात, जुळतच नाहीत. मग टपाचे चार तुकडे करून ते फाकवायचे, मधे प्लॅस्टिकची पट्टी जोडायची, लांबी भरायची, वॉटर पेपरने घासायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचे. माझे ह्यात सतरा दिवस गेले आणि एक खांब दोनदा मोडला. खरी गाडी कापणाऱ्याला पत्र्यात हीच अडचण येते आणि तो ती अशीच सोडवतो. एवढ्याशा प्लॅस्टिकमध्ये ती जशीच्या तशी भेटावी, ह्याचा मला विलक्षण आनंद झाला.

आमच्या विभागातल्या एका सरांना गाडी दाखवली, तेव्हा ते कौतुकाने पण ठामपणे म्हणाले, "हस्तकौशल्य उत्तम आहे, पण ह्याला निर्मिती म्हणू नका. साचे दुसऱ्याचे आहेत." सरांचे निम्मे खरे आहे. एकही भाग मी घडवला नाही. पण कोणता भाग घ्यायचा आणि कोणता टाकायचा, हे कोणी ठरवले? खोक्यात शेवरलेची दोन देखणी इंजिने होती. १९५५ नंतर खुद्द हॉट रॉडवाल्यांनीच फोर्डचे जुने इंजिन सोडून शेवरलेचे धरले, तेव्हा ते बसवले असते तरी इतिहासाला धरूनच झाले असते. मी फोर्डचेच ठेवले, कारण बुटक्या टपाखाली ते चपटे इंजिन शोभते. हा निर्णय कुठल्या साच्यात नव्हता. एका मैत्रिणीने गोधडीची उपमा दिली. तीही मला पटत नाही. गोधडीत प्रत्येक तुकडा आपले मूळ लुगडे मिरवतो. इथे पाच गाड्यांचे तुकडे असूनही गाडी एकच दिसली पाहिजे. टॉम वुल्फ ह्या अमेरिकन पत्रकाराने १९६३ साली 'एस्क्वायर' मासिकात ह्या मोटारी सजवणाऱ्यांवर लेख लिहिला आणि जॉर्ज बॅरिस, एड रॉथ ह्या गॅरेजवाल्यांना कलावंतांच्या पंक्तीला बसवले. ते सर्वांना मान्य व्हावे असा माझा आग्रह नाही. पण निदान 'साचे दुसऱ्याचे' एवढ्यावर निकाल देऊ नये. शब्दही आपल्याला कोशातूनच मिळतात.

उरले संग्राहक. त्यांचा मला राग नाही. दुर्मिळ वस्तू कोणीतरी सांभाळायला हवी. पण एएमटीच्या जुन्या साच्यांतली अनेक किटे आज दुसरी कंपनी पुन्हा काढते आहे. आमचे खोके फोडल्याने जगातून काही नाहीसे होणार नाही. न फोडलेल्या किटची किंमत ते न फोडण्याची असते, आतल्या गाडीची नसते. ज्या वस्तूचा जन्मच टाकाऊ मालाची चिरफाड करण्यातून झाला, तिची प्रतिकृती सेलोफेनमध्ये पूजेला ठेवणे मला विसंगत वाटते.

एक गोष्ट मात्र मी घासली नाही. गाडीच्या तळाच्या पाट्यावर वाहून वाळलेल्या गोंदात काकांच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. शहाण्या कारागिराने तो काढला असता. काकूंना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "ह्यात ह्यांचं काय राहिलं रे?" मी गाडी उलटी करून त्यांच्या हातात दिली. त्या बराच वेळ चष्मा लावून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ते तिसरं खोकं न्यायचं तर ने. इथे माळ्यावर उंदीर झालेत."

परीक्षा झाली की ते फोडणार आहे. आतल्या तिन्ही तऱ्हांच्या चाकांतली एक जोडी ह्या गाडीला हवी आहे. सध्या तिची मागची दोन चाके एकसारखी नाहीत.