आधी गोणपाट, मग भाषण

मृगापूर्वी भरणाऱ्या बियाणे-सभेत कार्यकर्ता पत्रक वाचू लागला, की मागील रांगेत कुजबूज सुरू होते. दोष श्रोत्यांचा नव्हे. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी, हे वाक्य नुसते कानावरून जाते. त्यापेक्षा गावातल्याच एखाद्याच्या घरच्या बियाण्याचे १०० दाणे आठवडाभर आधी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ते गोणपाट भर सभेत उलगडावे आणि मोड त्या शेतकऱ्याकडूनच मोजवावेत. निरोगी मोड साठच भरले, तर ‘मग पेरावे काय?’ हा प्रश्न सभाच विचारील. कार्यकर्त्याने बोलण्यास आरंभ करावा तो तेथे. बियाणे बदलावे की एकरी प्रमाण वाढवावे, एवढेच सांगावे. त्या शेतकऱ्याची संमती मात्र आधी घ्यावी. चारचौघांत फजिती झालेला माणूस पुन्हा सभेकडे फिरकत नाही.