भजनी मंडळातला अभंग

निवृत्तीनंतर भजनी मंडळात रमलेल्या माणसाविषयी बोलताना आपण सहसा ‘विरंगुळा’ हा शब्द वापरतो. त्यात कौतुक असते, तशी उपेक्षाही असते. तरुणपणीच हाती टाळ घेतलेल्या, नोकरीच्या पाळ्या सांभाळून एकादशीचे भजन न चुकवलेल्या माणसाची संगीतनिष्ठा काही निवृत्तिवेतनाबरोबर सुरू होत नाही. निवृत्ती तिला केवळ अधिक वेळ देते. माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. अभंग या काव्यप्रकाराविषयीचे काही ज्ञान अशा गायकापाशी असते आणि ते मराठीच्या वर्गापर्यंत पोहोचत नाही.

ध्रुपदाचेच उदाहरण घेऊ. गाथेच्या छापील आवृत्त्यांत ‘॥ध्रु.॥’ अशी खूण असते. विद्यार्थ्याची नजर तिच्यावरून सहज निसटते, कारण कागदावर ध्रुपद एकदाच येते. भजनात मात्र एक जण कडवे सांगतो आणि टाळकरी प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद उचलून धरतात. पुढचे प्रत्येक चरण अशा रीतीने ध्रुपदाशी भिडते आणि ध्रुपदाचा अर्थही दर वेळी थोडा बदलतो. अभंग पुढे सरकतो तसा मागेही वळतो. पखवाजाची लय कोठे वाढवायची, कोणता चरण पुन्हा घोळवायचा, हे ठरवणारा गायक एका अर्थी रसग्रहणच करीत असतो. आपण परीक्षेत विचारतो ते रसग्रहण मात्र पहिल्या ओळीकडून शेवटच्या ओळीकडे सरळ चालत जाते.

दुसरी गोष्ट नाममुद्रेची. ‘तुका म्हणे’ हे शब्द आपण कर्तृत्वाची खूण म्हणून वाचतो आणि अभंगात कवीचा वैयक्तिक अनुभव शोधू लागतो. आधुनिक भावकवितेने लावलेली ही सवय चुकीची नाही, पण अपुरी आहे. मंडळात वीस-पंचवीस कंठ एकाच वेळी ते शब्द उच्चारतात, तेव्हा त्यांतला ‘मी’ तुकारामांचा राहतो आणि गाणाऱ्या प्रत्येकाचाही होतो. अनेकांनी पुन्हा पुन्हा उच्चारावी अशीच ही रचना आहे. एकट्याने, मनातल्या मनात वाचताना तिची ही बाजू जाणवत नाही.

अर्थात, समूहस्वराचे भाबडे गोडवे गाण्याचे कारण नाही. चोखामेळ्याचे अभंग शतकानुशतके गायिले गेले. तरीही पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. सूर जुळले म्हणजे माणसे जुळतातच असे नाही. समूहात कोण गातो आणि कोणाला बाहेर उभे राहावे लागते, हा प्रश्नही अभंगाच्या अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. संतकाव्याच्या तासिकांपैकी एक तरी तासिका अशा निवृत्त भजनगायकाकडे सोपवावी. त्याला शाल-श्रीफळ देऊन निरोप देऊ नये, शिकवू द्यावे. विद्यार्थ्यांनी टाळ धरावेत, ध्रुपद उचलावे, चुकावे, पुन्हा गावे. त्यानंतर तोच अभंग पुस्तकात वाचावा. कितीतरी चाली कोणत्याही स्वरलिपीत उतरलेल्या नाहीत, केवळ अशा माणसांच्या कंठात आहेत. आणि ही माणसे वयाने थकत चालली आहेत. तेव्हा हे काम पुढील शैक्षणिक वर्षावर ढकलण्यासारखे नाही.