ल्यूथरच्या पुढचे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांना महाराष्ट्राचे मार्टिन ल्यूथर म्हटले जाते. आम्हांस ही तुलना अपुरी वाटते. १५१७ साली विटेनबर्ग येथे ल्यूथर यांनी पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, पुढे बायबल जनसामान्यांच्या जर्मन भाषेत आणले. देव आणि माणूस यांच्यामधील धर्मगुरूंची मक्तेदारी नाकारणारा प्रोटेस्टंट पंथ त्यातून उभा राहिला. परंतु १५२५ साली वेठीने आणि करांनी गांजलेले शेतकरी उठले, तेव्हा ल्यूथर राजेरजवाड्यांच्या बाजूने गेले.

सातारा जिल्ह्यातील कटगुण हे जोतीरावांचे मूळ गाव. पुण्यात ते स्कॉटिश मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्याच, शाळेत शिकले. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून त्यांनी भटाविना विवाह लावले. पण त्यापूर्वीच, १८६८ मध्ये, घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्या हौदाचे मोल साताऱ्याइतके कोणाला कळावे? पुढे तीन दशकांनीही येथील शाळेत बाल भीमरावांना शिपायाने ओतल्याशिवाय पाणी मिळत नव्हते.

१९१९ मध्ये कराडजवळील काले येथे, सत्यशोधकांच्याच परिषदेत, रयत शिक्षण संस्थेचा संकल्प झाला. साताऱ्याच्या वसतिगृहात भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली.

आज सातारा-सांगलीकडील आपल्या विवाहांत भट नसतो. स्थळ पाहताना पोटजात मात्र हळूच विचारली जाते. म्हणजे आपण ल्यूथरपर्यंतच पोहोचलो! वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांत पोटजातीचा रकाना दिसला, तर तो आपल्या माजी विद्यार्थ्यांनी कोरा ठेवावा आणि पुढच्या वर्षी छापूच देऊ नये.